नावाचं ऑइल

गाडीवालीच्या तोंडी लागू नये असं सगळी गल्ली म्हणते, आणि तरी रोज कुणी ना कुणी लागतंच. बाई वाईट नाही हो. पण राग असा की शिंकसुद्धा आधी त्याला विचारून येते. शाळेत बाईंनी एकदा विचारलं होतं, "मोठी झाल्यावर कोण होणार?" तर ही म्हणाली, "तुम्हाला कशाला सांगू?" तेव्हापासून जी ख्याती झाली ती झाली.

तिच्या वडिलांची पाव पोचवायची मोटारगाडी होती. त्यांचे गुडघे गेले तेव्हा हिने चाक हातात घेतलं. पुढे भट्टी बंद पडली, पाव संपले, पण गाडी हिने सोडली नाही. मागे दोन बाकं ठोकली आणि माणसं न्यायला लागली, टेकडीवरच्या वस्तीतून खाली शहरात आणि शहरातून परत वर. लग्न झालं, केस पिकले, गाडीचा रंग कितीदा तरी बदलला, बाई तीच. चपला काढून अनवाणी चालवते. म्हणते, पेडल पायाशी बोलतं, चपलेला त्यातलं काय कळणार?

तर अशा बाईच्या नशिबी ही टंचाई आली. तिच्या रागाला कधी तोटा नव्हता, बाकी सगळ्याचा झाला. आधी अंगाचा साबण गेला, मग कपड्यांचा. मग काडेपेट्या गेल्या आणि लोक एकेक काडी ब्लेडने उभी चिरून दोनदा वापरायला लागले. बल्ब घरात एकच. जो ज्या खोलीत जाईल त्याने तो काढून बरोबर न्यायचा. गाडीचं तर विचारूच नका. टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा, वायपर एकच, आरशाच्या जागी न्हाणीघरातला आरसा बांधलेला. आणि गंमत अशी की "नाही" असं तोंडाने कुणीच म्हणत नव्हतं. दुकानात गेलं की, "येतंय हो, मागून येतंय." पुरवठा ऑफिसात गेलं की, "निघालंय तिकडून." तिकडून म्हणजे कुठून, आणि चालत निघालंय की लोळत, हे विचारायची सोय नाही. आणि निघताना वर एक वाक्य ठेवलेलं असायचंच. "तोवर जरा चालवून घ्या."

हे शब्द ऐकले की तिच्या अनवाणी तळपायाची आग मस्तकात जायची. "चालवूनच पोट भरते मी!" असं ती ओरडायची. "मला नका शिकवू चालवायला! तुमचं काम तुम्ही चालवा आधी!"

आणि अशा बाईच्या पदरात नशिबाने नवरा कोण घातला, तर भागवराव.

खरं नाव वेगळं, पण ते आता कागदोपत्री उरलंय. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा आणि स्वभाव लोण्यासारखा मऊ. टंचाई आली आणि या माणसाचं भाग्य उजळलं. कुणाचं काहीही अडलं की म्हणायचे, "त्यात काय एवढं, भागवू की!" साबण नाही? राखेचं पाणी आणि उरलेलं तळणीचं तेल आटवून वड्या पाडल्या. नळाचा वायसर नाही? जुन्या चपलेचा कापला. बुटाचं पॉलिश नाही? मेण आणि काजळी. सकाळ-संध्याकाळ दारात माणसं उभी. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर भर रस्त्यात त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "भागवराव, तुम्ही आहात म्हणून ही गल्ली उभी आहे." झालं! दोन दिवस हा माणूस जमिनीपासून वीतभर वर चालत होता.

गाडीवाली धुसफुसायची. "अहो, तुम्ही भागवता म्हणून त्यांचं फावतंय! लोकांना साबण नाही मिळाला तर लोक बोंब तरी मारतील. तुम्ही राख देता हातात, लोक घरी जातात."

"अगं, बोंब मारून कपड्यांचा मळ निघतो का?" भागवराव हसून म्हणायचे, आणि पुन्हा कुणाची तरी शेगडी उलटी करून बसायचे.

एक गोष्ट मात्र तिने पहिल्या दिवसापासून बजावून ठेवली होती. घराचं काय वाटेल ते करा, पण माझ्या गाडीला हात लावायचा नाही. त्यांनीही कधी लावला नाही. गाडीतलं त्यांना तसं कळतही नव्हतं. हॉर्न कुठे असतो एवढं ठाऊक.

घरात तिसरं माणूस म्हणजे वन्सं, भागवरावांची थोरली बहीण. आई गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. गाडीवालीचं आणि वन्संचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भातात पाणी जास्त झालं इथपासून ते दार जोरात आपटलं इथपर्यंत रोज काही ना काही चालायचं. पण वन्संच्या दोन्ही किडन्या बसल्या तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांना खालच्या हॉस्पिटलात मशीनवर न्यायचं काम गाडीवालीच करत होती, आणि त्या दिवशी पुढच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं तिला खपत नसे. वन्सं म्हणायच्या, "कपडे धुवायला साबण मिळेना, आणि माझं रक्त बघा, आठवड्यातून दोनदा धुतात!"

गेल्या महिन्यात डिझेल नव्हतं म्हणून एक खेप चुकली. वन्संचे पाय उशीसारखे सुजले, श्वास पुरेना, आडवं पडता येईना. खिडकीच्या गजाला धरून बसून राहिल्या. भागवराव त्यांच्या पायाशी बसून होते आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे भागवायला काही नव्हतं. डॉक्टरांनी नंतर एवढंच सांगितलं की असं पुन्हा होऊ देऊ नका, पुढच्या वेळी हृदय ऐकणार नाही.

त्यानंतर एका सोमवारी गाडीचं पेडल मऊ लागायला लागलं.

आधी तिला वाटलं भास असेल. पण वळणावर पाय टाकला तर पेडल खालपर्यंत गेलं, आणि दोनदा दाबल्यावर कुठे ब्रेक लागला. तिने गाडी तशीच हळूहळू मिस्त्रीच्या शेडमध्ये नेली. मिस्त्री चाकाखाली आडवा झाला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "मागच्या चाकातलं रबर झिरपतंय, काकू. रबर माझ्याकडे नाही. ब्रेक ऑइल भरत राहिलात तर काही दिवस निघतील, पण ऑइलही माझ्याकडे नाही. कुठूनही एक डबा आणा. आणि तोवर उतारावर जाऊ नका, हात जोडतो."

ती थेट पार्टच्या दुकानात गेली. रांगेत दहा माणसं. पाळी आल्यावर दुकानदाराने तिच्याकडे बघितलंच नाही, पेन कानावर ठेवून म्हणाला, "ब्रेक ऑइल? येतंय."

"ते वरच्या फळीवर काय आहे?"

वरच्या फळीवर डबे होते, चांगले सीलबंद, आणि त्यावर चिठ्ठी डकवलेली. राखीव.

"ते ऑफिसच्या गाड्यांसाठी आहेत, काकू."

"आणि मी पेशंट नेते त्याचं काय?"

"मी काय करू? वरचा हुकूम आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत. दोन दिवस चालवून घ्या."

मग काय विचारता! अंथरूणच तुम्ही ओढून नेलंत तर पाय कुठे पसरू, इथून तिने सुरुवात केली, ते दुकानदाराच्या बापाच्या जन्मापर्यंत जाऊन पोचली. रांगेतले लोक खाली बघत होते. मागून कुणीतरी हळूच म्हणालंसुद्धा, "जाऊ द्या ना काकू, आमची पाळी येऊ द्या." हे वाक्य तिला दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. डबा नाही तो नाहीच मिळाला. ती घरी आली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ थांबलं.

"उद्या गाडी निघणार नाही," तिने सांगितलं. "ब्रेक नाही. बॉनेटखालची ब्रेक ऑइलची कुपी रिकामी होतेय आणि ऑइल कुठेच नाही. मी उतारावर नाही नेणार कुणाला."

भागवराव हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून उभे राहिले. "पण उद्या मंगळवार."

"मला वार कळतो! दुसरी गाडी बघते ना मी. पहाटे भाजीचा ट्रक जातो, त्याला विचारते."

"त्या ट्रकात ताई कुठे बसणार? पोत्यांवर?"

वन्सं खाटेवरून म्हणाल्या, "अरे, एक खेप चुकली तर चालतंय. उगाच जीव नका काढू एकमेकांचा."

"नाही चालत!" गाडीवाली त्यांच्यावर उखडली. "तुम्हीसुद्धा तेच? तुम्हीसुद्धा चालवूनच घेणार? मरा मग!"

असं बोलून ती ट्रकवाल्याच्या घरी निघाली. खरं तर राग दुकानदारावर होता आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं, हे तिला कोपऱ्यापर्यंत पोचतानाच कळलं. पण परत फिरून माफी मागायची तिच्या पायांना सवय नव्हती. ट्रकवाला घरी नव्हता. त्याच्या बायकोने सांगितलं, ट्रक बंद आहे, त्याची बॅटरी बसलीय, नवी येतेय मागून.

ती घरी आली तेव्हा अंधार पडायला लागला होता. भागवराव दारातच उभे होते आणि चेहरा असा उजळलेला की विचारू नका.

"झालं काम! ब्रेक ऑइल भरलं. काठोकाठ."

"कुठून मिळालं?"

"मिळालं. तू कशाला काळजी करतेस?"

"ऑइलच आहे ना? नीट बघितलंत ना?"

"अगं हो, ऑइलच! मला काय एवढं कळत नाही?"

तिने जाऊन बॉनेट उघडलं. ऑइलची कुपी पांढऱ्या प्लास्टिकची. आत पातळ, फिकट पिवळं, वरच्या रेघेपर्यंत भरलेलं. तिने गाडीत बसून पेडल दाबलं. सकाळचं मऊ पेडल आता वरच्या वरच अडत होतं, घट्ट. तिला फार बरं वाटलं. कुणाची तरी ओळख काढली असेल, कुणाची मशीन फुकट दुरुस्त करून दिली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मिस्त्रीने झिरपतंय म्हटलेलं रबर एका रात्रीत सुधारणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण कुपी भरलेली होती, उद्या मंगळवार होता, आणि दिवसभर भांडून बाई थकली होती. एवढ्या तिखट बाईने त्या दिवशी एवढं एक चालवून घेतलं.

सकाळी वन्सं पुढच्या सीटवर, मांडीवर पाण्याची छोटी बाटली. मागे कुणी नाही. वस्ती सोडली, सपाट रस्ता संपला आणि उतार लागला. पहिल्या दोन वळणांना ब्रेक चोख लागला. तिसऱ्यानंतर मात्र गाडी जड झाली. उतारावर असून तिला ढकलावं लागतंय असं वाटायला लागलं, जसं मागून कुणी धरून ठेवलंय. पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. मग वास आला.

"काहीतरी जळतंय," वन्सं म्हणाल्या.

"कळतंय मला."

पुढचं वळण मोठं होतं, डाव्या हाताला दरी. तिने पाय टाकला आणि पेडल सरळ तळाला गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. काही नाही! पायाशी बोलणारं पेडल मुकं झालं होतं. तिने गिअर खाली पाडला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला, गाडी तिरकी झाली पण थांबेना. वळणाच्या पलीकडे उजव्या कडेला खडीचा ढीग होता. रस्ता दुरुस्त करायला आणलेली खडी, डांबर नाही म्हणून महिनोन् महिने तशीच पडून. तिने चाक सगळंच्या सगळं फिरवलं आणि गाडी त्या ढिगात घातली.

आवाज झाला आणि गाडी थांबली. पुढची काच तडकली होती. वन्सं सीटवर तशाच बसून होत्या, पाण्याची बाटली घट्ट धरून. त्यांनी एक हात केसांवरून फिरवला आणि विचारलं, "हॉस्पिटल आलं का?"

गाडीवालीला हसूही आलं नाही आणि रडूही. ती तशीच अनवाणी उतरली. खडी तळव्यांना टोचत होती ते तिला कळलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, कुपीचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं.

तो वास तिला डोळे मिटून ओळखता आला असता. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून तोच वास नवऱ्याच्या बोटांना, सदऱ्याला, उशीला येत होता. शिलाई मशीनचं तेल.

"वन्सं!" ती ओरडली. "हे तेल घातलंय यात! मशीनचं तेल!"

वन्सं काचेतून बघत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मेणबत्ती मीच धरली होती."

"काय?"

"तो कुपीत ओतत होता आणि मी मेणबत्ती धरली होती. तो म्हणाला, ताई, नावातच आहे बघ, ब्रेक ऑइल. ऑइल म्हणजे तेल. आणि माझ्याकडचं तर सगळ्यात पातळ, सगळ्यात शुद्ध. आम्हाला दोघांनाही ते पटलं गं."

रोज शेकडो माणसं तो शब्द बोलतात. मिस्त्री बोलतो, दुकानदार बोलतो, ती स्वतः दिवसातून दहादा बोलते. ब्रेक ऑइल. आणि आत तेलाचा थेंब चालत नाही. तेल लागलं की रबर फुगतं, ब्रेक चाकाला चिकटून बसतो, तापतो आणि मग जातो. हे तिला ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत नवऱ्याला सांगायची वेळ आली नव्हती, कारण तिनेच त्याला गाडीजवळ फिरकू दिलं नव्हतं.

"डांबर नव्हतं म्हणून वाचलो," वन्सं खडीकडे बघून म्हणाल्या.

"म्हणजे आता टंचाईचे आभार मानायचे का?" गाडीवाली किंचाळली. त्या रस्त्यावर ऐकायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती दरीकडे तोंड करून ओरडत राहिली. दुकानदाराला, ऑफिसला, तिकडून निघालेल्या आणि कधीच न पोचणाऱ्या प्रत्येक ट्रकला तिने नावं ठेवली. नवऱ्याचं नाव मात्र त्यात आलं नाही. ते ती घरासाठी राखून ठेवत होती.

शेवटी एका दूधवाल्याच्या टेंपोने दोघींना खाली नेलं. वन्संची वेळ निघून गेली होती. नर्सने कुरकुर करत मशीनवर घेतलं, पण अर्ध्या वेळेसाठीच, कारण पुढचा पेशंट थांबला होता. "आज निम्मंच निघालंय," नर्स म्हणाली. "शुक्रवारी नक्की आणा. शुक्रवार चुकला तर माझ्याकडे येऊ नका, थेट तातडीच्या विभागात जा."

म्हणजे तीन दिवस होते आणि गाडी खडीत रुतलेली.

संध्याकाळी त्या वर पोचल्या तोवर बातमी आधीच पोचली होती. दारात ही गर्दी! आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. "नशीब हो, थोडक्यात निभावलं!" गर्दीच्या मधोमध भागवराव उभे. चेहरा पांढराफटक. त्यांनी बहिणीला हात धरून आत नेलं, खाटेवर बसवलं, पायांवर पांघरूण घातलं. मग बायकोसमोर येऊन उभे राहिले, मार खायला उभं राहावं तसे.

तिने वाटेत एवढं काय काय जुळवून ठेवलं होतं. ते सगळं बाहेर आलं. "जीव घेणार होतात! बहिणीचा आणि माझा! मला विचारलं का नाहीत? एक शब्द विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ते म्हणाले. "आणि गाडी निघाली नसती. आणि ताईचे पाय पुन्हा सुजले असते. मला ते बघवत नाही गं." मग एवढंच म्हणाले, "मला वाटलं भागेल."

तिच्या तोंडात पुढचा शब्द तयार होता. तो तिने गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला, आणि तो फार कडू लागला.

आतून वन्सं म्हणाल्या, "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं! आता दोघं जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी ओढून आणली. बॉडीला फारसं काही नव्हतं, पण ब्रेकचं एकूण एक रबर फुगून गेलं होतं. नळ्या धुवाव्या लागणार होत्या. "रबराचा एक सेट आणि एक डबा ऑइल," तो म्हणाला. "आणून द्या, उद्या संध्याकाळपर्यंत गाडी उभी करतो. मजुरी नको मला. पण सामान कुठून आणणार तुम्ही?"

"मीही येतो दुकानात," भागवराव म्हणाले.

ती नको म्हणणार होती. नवऱ्यासमोर दुकानदाराशी भांडायचं म्हणजे निम्मा जीव त्यांना आवरण्यात जायचा. ते "जाऊ दे, जाऊ दे" करत तिचा दंड ओढणार. पण त्यांनी चपला घातल्याही होत्या.

दुकानात रांग होतीच. वरच्या फळीवर डबे होते, आणि शेजारी रबराच्या सेटचे खोके, त्यावरही चिठ्ठी. दुकानदाराने भागवरावांना बघितलं आणि तोंडभर हसला. गाडीवालीला कधी न मिळालेलं स्वागत!

"या, या, भागवराव! ऐकलं मी. वाईट झालं. पण कमाल आहे हं तुमची! तेलावर गाडी निम्म्या उतारापर्यंत नेलीत! दुसऱ्या कुणाला सुचलं असतं का?" तो रांगेकडे वळला. "माणूस असावा तर असा. तक्रार नाही, काही नाही. आता यावरही तुम्ही काहीतरी काढालच तोड. चपलेच्या रबरातून बघा जरा. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून तर सगळं चाललंय!"

रांगेतून दोघा-तिघांनी मानाही डोलावल्या.

गाडीवालीने तोंड उघडलं होतं. पण तिच्या आधी शेजारून एक आवाज आला. तो इतका चिरका होता की तो आपल्या नवऱ्याचा आहे हे तिला लगेच कळलंच नाही.

"बहीण आहे ती माझी!"

दुकानदार हसतच राहिला, कारण हसू थांबवायला वेळ लागतो.

"आईसारखी आहे माझी बहीण! तिला मी दरीत घालायला निघालो होतो, आणि तुम्ही माझं कौतुक करता? कौतुक? माझ्या मूर्खपणाचं?" भागवराव काउंटरपाशी सरकले. त्यांना रागवायची सवयच नव्हती. कुठे श्वास घ्यायचा तेही कळत नव्हतं. "तुम्ही... तुम्ही एक..." त्यांनी शिवी शोधली. बायको रोज देते त्यातली एक तरी आठवावी म्हणून तिच्याकडे बघितलं. शेवटी जी सापडली ती म्हशीला देतात ती होती आणि तीही त्यांनी त्या पुरुषाला स्त्रीलिंगातच दिली. कुणी हसलं नाही.

"डबा वर आहे!" ते ओरडले. "मला दिसतोय! माझी बहीण शुक्रवारी मरेल आणि डबा वर आहे! आणि मी चपला कापू? आणि तुम्ही!" ते रांगेकडे वळले. "तुम्ही सगळे! माझ्या दारात येऊ नका उद्यापासून. राखेचा साबण नाही, वायसर नाही, काही नाही. मी काही करून देणार नाही कुणाला. कपडे मळले तर मळलेल्या कपड्यांनी जाऊन बसा त्या ऑफिसात! मला आवडायचं हो, तुम्ही चांगलं म्हणायचात ते. फार आवडायचं. त्या आवडण्यापायीच मी..."

ते वळले आणि दुकानाबाहेर पडले. पायरीवरून पडता पडता वाचले.

गाडीवाली त्यांच्यामागे धावली. कोपऱ्यावरच्या खांबाला टेकून ते उभे होते. घाम फुटला होता. ओठ कोरडे पडले होते. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. त्यांनी मान वर केली आणि शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "मी फार बोललो का गं?"

"कमी बोललात," ती म्हणाली. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि दंड धरला. "चला परत."

"परत?"

"डबा राहिला ना. बोलण्याच्या नादात सामान विसरलात."

ती दोघं परत फिरली. दुकानातली रांग आता रांगेसारखी उभी नव्हती. सगळी माणसं काउंटरला लागून दाटीने उभी होती, आणि परवा "आमची पाळी येऊ द्या" म्हणणारा माणूस दोन्ही हात काउंटरवर ठेवून वरच्या फळीकडे बघत होता. दुकानदाराने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भागवरावांकडे. मग खाली वाकून त्याने वरच्या फळीपर्यंत पोचायचं स्टूल बाहेर ओढलं.